कोणाच्या नावानं सोडलंत, मामाजी?

मामाजी, काल तुमची तेरवी झाली. अर्धं एकोडी गाव जेवून गेलं, आणि हात धुता धुता जो तो एकच बोलत होता, "सारं सोडून गेला बाप्पा मानूस. असं मरन पायजे." माझ्या हातात वरणाची बादली होती. ती एकेकाच्या डोक्यावर उपडी करावी असं वाटून राहिलं होतं. पण सुनेनं सासऱ्याच्या तेरवीत वरण पानातच वाढायचं असतं. वाढलं.

आज घर रिकामं आहे. तुमचा मुलगा सकाळच्या गाडीनं बुटीबोरीला कामावर गेला, ताई, माझ्या नणंदबाई, आपल्या घरी गेल्या. म्हणून बसले तुमच्याशी बोलायला. वीस वर्षं डोक्यावर पदर घेऊन तुमच्याशी भांडले, आज पदर राहू द्या बाजूला.

तुम्ही काहीही सोडलं नव्हतं, मामाजी. हे मला काल कळलं, आणि कळून आता कोणाचं काय भलं होणार आहे?

सोडणं म्हणजे काय, ते तुमच्याच घरात मी शिकले. आत्याबाई, माझ्या सासूबाई, काशीहून आल्या त्या वांगं सोडून आल्या. त्यांचं जीव की प्राण भरीत, पण गंगेत उभं राहून विश्वनाथाच्या नावानं सोडलं, ते सोडलंच. पुढं कोणी पाव्हण्यानं चुकून "घ्या ना थोडंसं" म्हटलं की तुम्ही खवळायचे, "तिनं सोडलं हाय म्हनून सांगतलं ना? कायले पापात पाडता?" सोडलेल्या माणसाला आग्रह करायचा नाही. कुठं सोडलं, कोणाच्या नावानं सोडलं, हे मात्र साऱ्या गावाला ठाऊक असायचं. ते सांगितल्याशिवाय सोडणं पुरं होत नाही. एवढी साधी गोष्ट, आणि तुमच्या वेळी आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आली नाही.

तुमचं आणि माझं भांडण होतं लाखोरीचं. धान उभं असतानाच ओल्या बांधीत तुम्ही लाखोरी फेकायचे, आणि ती डाळ घरात आली की मी ती डब्यात शिरू द्यायची नाही. मी आशा कार्यकर्ती, घरोघर फिरून लोकांच्या तब्येतीची चौकशी करणारी. मला शिकवलेलं की लाखोरी रोज खाल्ली तर पाय जातात.

"मामाजी, पाय जातील तुमचे."

"माह्या बापानं जनमभर खाल्ली. मरनाच्या आदल्या दिवशी साकोलीचा बाजार करून आला तो, पायी. तुह्या पुस्तकात हाय का माहा बाप?"

मी मीटिंगला गेले की तुम्ही चुलीजवळ बसायचे. वडे तळायचे, आणि तेही धड नाही. एकदा परत आले तर घरभर धूर, कढईतलं तेल काळंभोर, आणि तुम्ही अंगणात बसून आकाशाकडं बघताय. मिशीला वड्याचा चुरा. "कोन आलं होतं बाप्पा घरात," म्हणे! मी तोंडाला पदर लावून आत पळाले. हसू आवरेना. पण ते तुम्हाला दाखवलं नाही, कारण भांडण सुरू होतं.

हेही सांगून टाकते, नाहीतर नुसतीच कटकट होईल. मी आशा झाले तेव्हा चक्कीवर लोक बोलायचे की तुकारामजीची सून गावभर फिरते. तुम्ही पिठाचा डबा खाली ठेवून म्हणाले होते, "माही सून फिरते म्हनून तुमच्या लेकी सुखानं बायंत होतेत." मला हे चक्कीवालीनं सांगितलं. तुम्ही घरी आल्यावर एवढंच म्हणाले की पीठ जाड दळलं. मी त्याचं तुम्हाला कधी काही बोलले नाही. सासऱ्याचे आभार कसे मानतात, ते कोणत्या सुनेला येतं?

आत्याबाई गेल्या, आणि वर्षाच्या आत तुम्ही नहाणीत घसरले. मी दुपारी घरी आले तेव्हा दोन तास झाले होते तुम्हाला तिथं पडून. तुम्ही काय म्हणाले, आठवते? "तुह्या मीटिंगमध्ये फोन करून कायले तरास द्याचा?" खुब्याचं हाड जुळलं, पण दिवसभर एकटं ठेवायची भीती बसली. मग साकोलीच्या पलीकडं, हायवेपासून थोडं आत, सागाच्या झाडांमागं तो वृद्धाश्रम मिळाला. आम्ही तुम्हाला तिथं ठेवलं. ताईंना 'ठेवलं' हा शब्द आवडत नाही, त्या 'सोय केली' म्हणतात. जागा वाईट नव्हती. स्वच्छ पलंग, वेळेवर जेवण, वर पंखा. मी शोधूनही तिथल्या लोकांत दुष्ट माणूस सापडत नाही, हेच तर दुखणं आहे. दुष्ट कोणीच नव्हतं, आणि बघणारंही कोणी नव्हतं.

पहिले दोन महिने तुम्ही दर रविवारी विचारायचे, "धान कापलं का? घरी कधी नेता?" मग विचारायचं बंद केलं. व्यवस्थापक म्हणाले, "बाबा रुळले." मी घरी येऊन यांना सांगितलं, "रुळले हो मामाजी." किती बरं वाटलं होतं ते सांगताना! त्या रात्री मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

मग तुम्ही चहा सोडला. दिवसाला तीनदा बशीत ओतून फुर्र करून पिणारा माणूस. व्यवस्थापकांनी फोनवर कौतुकानं सांगितलं. मी म्हटलं, चांगलंच आहे, साखर कमी गेली पोटात. मग पेपर सोडला. मग संध्याकाळी ओट्यावर बसायचं सोडलं. विचारलं तर दोनच शब्द: "सोडलं मी." आणि तो शब्द ऐकला की समोरच्याचं तोंड बंद. कोण पापात पडेल? त्यातून त्या जागेच्या नावातच आश्रम. तिथं गप्प बसलेला माणूस साधूच दिसणार.

तुमच्या अंगाला चोळायला मी मलम आणलं, कारण तुम्ही म्हणत होते अंग जड लागते, हातपाय दुखतेत. खांद्याला लावून दिलं. खांद्याचं हाड हाताला लागलं. मी म्हटलं, वय झालं.

माझ्या वहीत काय लिहिलेलं आहे, वाचून दाखवू? भंडाऱ्याला आमचं प्रशिक्षण झालं होतं, त्याची वही आहे. "म्हातारा माणूस 'मी उदास आहे' असं म्हणत नाही. तो म्हणतो अंग दुखते, भूक नाही, झोप नाही. बोलणं कमी करतो. आवडीच्या गोष्टी टाकून देतो. घरचे म्हणतात वय झालं. वय नसतं, नैराश्याचा आजार असतो, आणि तो उपचारानं बरा होतो." शेवटच्या ओळीखाली मीच लाल पेनानं रेघ मारलेली आहे. रेघ मारून वही मिटली आणि तुमच्या खांद्याला मलम लावलं.

आणि आता लाखोरी. बोलायला बसले तेव्हापासून टाळत होते.

होळीच्या आधी नवी लाखोरी निघाली. बांधी बटईनं, अर्ध्या वाट्यानं कसायला दिली होती, तरी बटईवाल्यानं तुमच्यासाठी म्हणून पायलीभर डाळ आणून दिली. माझ्या मनात काय आलं कोणास ठाऊक. वीस वर्षांत पहिल्यांदा मी माझ्या हातानं लाखोरी भिजवली, वाटली, लसूण-मिरची घालून वडे तळले. डबा गरम आहे तोवर पोहोचावं म्हणून बसची वाट न पाहता कोणाच्या तरी गाडीवर मागं बसून आले. तुमच्यासमोर डबा उघडला आणि म्हटलं, "घ्या. हरली मी."

तुम्ही डब्यात पाहिलं. मग भिंतीकडं पाहिलं. म्हणाले, "लाखोरी सोडली मी."

मामाजी, मला काय वाटलं असेल? मला वाटलं, मी जिंकले. खरंच सांगते, जिंकले असं वाटलं. वीस वर्षं ज्या माणसानं एक पाऊल मागं घेतलं नाही, त्यानं माझं ऐकलं. तो डबा मी बाकीच्यांना वाटून टाकला, आणि गावात येऊन चार बायकांना सांगितलं की आमच्या मामाजींनी लाखोरी सोडली बरं का, आता तुम्हीही सोडा. तुमचं उदाहरण देत फिरले मी घरोघर. तुमच्या जिवाला लागलेली कीड मी लोकांना गुण म्हणून दाखवत होते.

भांडणारा माणूस एकाएकी भांडायचा थांबला, तर त्याला पटलं असं नसतं. हे कळायला आशा असायची गरज नाही, नुसती सून असली तरी पुरे होतं. मी दोन्ही होते.

आश्रमाच्या वर्धापनदिनाला तुम्हाला शाल-नारळ दिलं. व्यवस्थापक माईकवर म्हणाले, "बाबांकडून आपण शिकलं पाहिजे. चहा नाही, पेपर नाही, कसली तक्रार नाही." टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. तो फोटो घरच्या ग्रुपवर गेला, ताईंनी खाली हात जोडलेली सहा चित्रं टाकली. आज तो फोटो मोठा करून पाहिला. शर्टाच्या कॉलरमध्ये तुमची मान एवढीशी दिसते, अजून एक मान मावेल. आणि डोळे शालीकडं नाहीत, माईककडं नाहीत, कुठंच नाहीत. आम्ही सारे तुमच्या बाजूला उभे राहून हसतोय.

मग तो बुधवार आला. आश्रमात तपासणीचा कॅम्प होता, माणसं कमी होती म्हणून मलाही फॉर्म भरायला बोलावलं. ते फॉर्म तुम्हाला माझ्याइतकेच पाठ होते. नवे आले तेव्हा मी घरी मोठ्यानं वाचून सराव करायची. नाव, वय, तंबाखू खाता का, आणि शेवटी मनाचे दोन प्रश्न: गेल्या पंधरा दिवसांत कशातच मन लागलं नाही असं झालं का? उदास, निराश वाटलं का? तुम्ही खाटेवरून टर उडवायचे. "मन लागत नाही असं कोनी पावतीवर लिहून देते का वं? मन म्हनजे का कोंबडी हाय, विचारलं का कुडकुडली?"

त्या बुधवारी तुम्ही रांगेत बसला होता. बारावे की तेरावे. दाढी केलेली होती, हनुवटीला कापल्याची खूण होती. मी एकेकाला विचारत विचारत तुमच्यापर्यंत आले आणि तुमचा फॉर्म न विचारताच भरायला लागले. नाव माहीत, वय माहीत, आजार माहीत. जेवायची वेळ होत होती, मागं अजून पाचजण होते. खाली दोन प्रश्नांपुढं मी लिहिलं, अजिबात नाही. अजिबात नाही.

तुम्ही म्हणाले, "मले नाही विचारत का?"

मी हसले. म्हटलं, "तुमचं मले सारं पाठ आहे, मामाजी." आणि पुढच्याला हाक मारली.

तुम्ही काठी टेकत उठून खोलीकडं गेले. मी पाठमोरं पाहिलंसुद्धा नाही.

त्यानंतर दीड महिना. शेवटी तुम्ही भात सोडला. धानाच्या मुलखातला माणूस भात सोडतो, आणि लोक म्हणतात केवढं वैराग्य! दवाखान्यात नेलं तेव्हा छातीत कफ भरला होता आणि अंगात त्याच्याशी लढायला काही उरलं नव्हतं. तिथल्या लहान वयाच्या डॉक्टरीणबाईनं विचारलं, किती दिवसांपासून जेवत नव्हते? व्यवस्थापक म्हणाले, "बाबांनी सोडलं होतं, मॅडम." बाईला समजेना. "सोडलं म्हणजे? कोणी विचारलं नाही का सोडलं ते?" मग तिची नजर माझ्या साडीकडं गेली. गणवेशाचीच साडी होती अंगावर. ती पुढं काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

काल तेरवीला आश्रमातल्या तुमच्या खोलीतले किसनाजी आले होते, मूळ अड्याळचे. दोन बस बदलून आले, त्या दुखऱ्या पायांनी. त्यांना मी पंगतीच्या शेवटी भिंतीला टेकून बसवलं. लाखोरीचे वडे केले होते मी. ते त्यांनी हातात घेतले आणि म्हणाले, "हेच ते का वं? याच्यावरून एवढं भांडत होते तुमी?" मी म्हटलं, हो. तर म्हणाले, "मी विचारलं होतं त्याले. म्हटलं तुकाराम, एवढं सोडून राहिला, कोन्या देवाच्या नावानं सोडून राहिला?"

बादली माझ्या हातातच होती. मी विचारलं, काय म्हणाले?

"म्हने, देव कोठचा आला! चवच लागत नाही. चहा म्हन, वडा म्हन, सारं मातीवानी लागते. मन उडून गेलं. पन असं सांगतलं तं लोक मांगं लागतेत, पोरगा काम सोडून येईल. सोडलं म्हटलं का कोनी बोलत नाही." मग घास गिळून म्हणाले, "तुले सांगनार होता तो. ते मनाचं विचारतेत ना तुमी, त्या दिवशी. सकारीच दाढी केली. मले म्हने, माह्या तोंडानं नाही निंघत, पन सून सवाल विचारते तं जबाब द्याच लागते."

मामाजी, मी बादली खाली ठेवली. पंगतीत कोणीतरी वरण मागत होतं. मागू दे.

तुम्ही त्या प्रश्नांची टर उडवायचे, कारण ते तुम्हाला पाठ होते. आणि पाठ होते म्हणूनच त्यांची वाट पाहत बसला होता, दाढी करून, रांगेत. आपलं दुःख आपणहून सुनेसमोर काढायचं नाही, एवढा तुमचा मान. पण सरकारी कागद विचारतो म्हटल्यावर सांगता आलं असतं. तुम्ही एवढी वाट काढली होती. मी ती बंद केली, तेही लाडानं.

मी उभी होते तेवढ्यात कोणीतरी बुंदी वाढायला आलं. किसनाजींनी पानावर हात आडवा धरला. "नको बाप्पा. गोड सोडलं मी."

वाढणारा पुढं गेला. साहजिकच आहे, सोडलं म्हटल्यावर आग्रह कोण करील? मी खाली बसले, खरकट्यातच, पंगतीच्या मधोमध. म्हटलं, "किसनाजी, कोनाच्या नावानं सोडलं?"

ते पत्रावळीकडं बघत राहिले. मग एवढंच म्हणाले, "मले विचारून राहिली का तू?"

हो, म्हटलं. तुम्हालाच. आणि ते बोलले. पंगत उठली, दुसरी बसली, ते बोलत होते. उद्या त्यांना डॉक्टरीणबाईकडं नेते आहे.

ताई आल्या, म्हणाल्या, काय चाललंय, लोक बघून राहिले. मग रिवाजाचं निघालं. तुमच्या मुलानं तुमच्या नावानं तंबाखूचा खर्रा सोडला. ताईंनी वर्षभर आंबा सोडला. सगळे माझ्याकडं पाहायला लागले, सून काय सोडते? मी म्हटलं, मी काही सोडत नाही. ताईंचं तोंड वाकडं झालं. होऊ दे. या घरात सोडणं खूप झालं.

आज सकाळी मी उपकेंद्रात गेले होते. म्हटलं, तो फॉर्म काढा, माझ्या सासऱ्यांचा, त्यात दोन उत्तरं चुकीची आहेत, दुरुस्त करायची आहेत. साहेबांनी चष्मा वर करून पाहिलं. म्हणाले, "माणूस वारला ना? मग उत्तर कायले बदलता? मयताचं नाव कमी होते, उत्तर बदलत नाही."

नाव मीच कमी केलं, मामाजी, कारण गावाची आशा मी. तुमच्या नावावर रेघ मारली, लाल पेनानं. खाली माझ्या अक्षरात तुमची दोन उत्तरं तशीच आहेत: अजिबात नाही. अजिबात नाही.